पाणी उतरण्याची वेळ

“नाव? ओढ्याला कसलं आलंय नाव?” मेंढ्या राखणारा म्हातारा तोंडभर हसला. “ओढा तो ओढा. तुम्ही काय बापाला नावाने हाक मारता?”

मोजणीदाराने गुडघ्यावरच्या पत्रकातून मान वर केली. “तसं नाही हो बाबा. पण चार ओढ्यांतून हा ओळखायचा कसा?”

“चार आहेतच कुठे इथं? एकच आहे.” म्हाताऱ्याने एका चुकार मेंढीकडे खडा भिरकावला. “फारच अडलं असेल तर लिहा, वरचा ओढा. वरून येतो म्हणून.”

“आणि वरच्या गावात विचारलं तर?”

“ते सांगणार खालचा ओढा. तिकडून खाली जातो ना!” म्हातारा पुन्हा हसला. “दोघंही खरंच बोलतात. लिहा तुम्ही.”

मोजणीदाराने लिहिलं. पत्रकात चार रकाने होते : नाव, ठिकाण, सांगणाऱ्याची सही, किती वर्षांपासून प्रचलित. खात्याचा नियम असा की नव्या नकाशात एखाद्या ठिकाणाचं नाव घालायचं तर तिथल्या दोन राहत्या माणसांच्या सह्या हव्यात. म्हाताऱ्याने सहीच्या जागी अंगठा उठवला, अंगठ्याची शाई धोतरालाच पुसली आणि तो मेंढ्यांमागे गेला.

मोजणीदार सत्तावन्न वर्षांचा होता. खात्यात साखळी ओढणारा म्हणून लागला होता. परीक्षा देत देत मोजणीदार झाला आणि तिथेच टिकला. उंच, सडपातळ, पाठीत किंचित वाकलेला. वर्षानुवर्षं दुर्बिणीत डोळा घालून डाव्या डोळ्याभोवती सुरकुत्या जास्त पडलेल्या. बारा गावचं पाणी प्यायलेला माणूस असं लोक उगाच म्हणतात, ह्याने खरोखरच दोन-तीनशे गावांचं प्यायलं असेल. त्याची एक खोड सगळ्या खात्याला माहीत होती. कुठल्याही ओढ्याकाठी गेला की तिथल्या माणसांना तो एक प्रश्न हमखास विचारायचा, “इथं पूर आला की उतरायला किती वेळ लागतो?” खात्याला ह्या माहितीचा काडीचा उपयोग नव्हता. पत्रकात तसा रकानाही नव्हता. तो विचारायचा, ऐकायचा आणि मान हलवून पुढे जायचा.

बायको चार वर्षांपूर्वी गेली. भली बाई होती. कधी भांडली नाही. एकदाच म्हणाली होती, “तुम्ही घरात असलात तरी कुठेतरी मोजणीवरच असता.” त्याने ते हसण्यावारी नेलं होतं. मुलगी लग्न होऊन लांबच्या शहरात गेली. निवृत्तीला आता सात महिने राहिले होते. अशा वेळी हा नकाशाचा तुकडा कोणाला द्यायचा ही चर्चा निघाली, तेव्हा तो आपणहून म्हणाला होता, “मी जातो.”

“तुम्ही?” साहेबांना नवल वाटलं होतं. “अहो, साडेनऊ किलोमीटरचा ओढा. कोणीही जाऊन येईल.”

“वाटेत पडतो,” तो म्हणाला होता. तो ओढा कशाच्याच वाटेत पडत नव्हता.

तो ओढ्याच्या डाव्या काठच्या वस्तीवर जन्मला होता. आणि चौतीस वर्षांत एकदाही इकडे फिरकला नव्हता.

आता तो मुखापासून वर निघाला. ओढा नदीला मिळतो तिथे तो रुंद आणि उथळ होता, परक्या घरात शिरताना माणूस चपला काढून अंग चोरून आत जातो तसा नदीत शिरणारा. मग एक किलोमीटरभर वाळू. पुढे काठ उंच होत गेले, पाणी काळपट झालं, दोन्ही बाजूंनी लव्हाळी पुढे झुकली. खंड्या पक्षी एका वाळक्या फांदीवरून दुसरीवर जात त्याच्या पुढे पुढे राहत होता. मोजणीदार दर वळणावर थांबत होता, होकायंत्र बघत होता, पावलं मोजून लिहीत होता. पण खरं सांगायचं तर त्याला लिहायची गरज नव्हती. पुढचं वळण उजवीकडे, मग खडक, मग एकदम खोल पाणी, हे त्याच्या पायांनाच ठाऊक होतं.

डाव्या काठची वस्ती उठून गेली होती. भाऊ घर विकून परगावी गेला ते त्याला कळलं होतं. घराच्या जागी आता कोणाचातरी विटांचा ढीग होता. त्याने तिथे थांबून पाणी प्यायलं, पावलांचा आकडा टिपला आणि पुलावरून उजव्या काठच्या गावात गेला. पूल नवा होता. त्याच्या वेळी तो नव्हता.

गावच्या कचेरीतल्या कारकुनाने पत्रक उलटसुलट करून पाहिलं. “ओढ्यावरच्या जागांची नावं? ती बालवाडीच्या बाईंना विचारा. त्यांना प्रत्येक दगड पाठ आहे. पुलाशेजारी पंपदुरुस्तीचं दुकान आहे ना, तेच घर. नवरा पंपवाला.”

मोजणीदार कचेरीच्या पायरीवर जरा वेळ उभा राहिला. मग त्याने टोपी काढून केस सारखे केले, टोपी पुन्हा घातली आणि निघाला.

पंपवाला दुकानाच्या दारात उकिडवा बसून एका उघड्या पंपाच्या पोटात हात घालून होता. बुटका, भरल्या अंगाचा, भुवयांनासुद्धा ग्रीस लागलेलं.

“या या! मोजणीवाले ना? कचेरीतून पोरगं आधीच सांगून गेलं,” तो उठत म्हणाला. हात मिळवायला पुढे केला, मग स्वतःच तो हात बघून मागे घेतला. “बसा. त्या खोक्यावर बसा, ते स्वच्छ आहे. मला नावंबिवं विचारू नका हां, मला फक्त पंपांची माहीत. हिला येऊ द्या, पोरं सुटायची वेळ झालीच.”

त्याने चहा टाकला. दुकानाच्या मागेच स्वयंपाकघर होतं. पंपवाला बोलत होता : दोन मुलगे, दोघंही बाहेरगावी, थोरला ह्याच धंद्यात, धाकट्याला हात काळे झालेले आवडत नाहीत. मोजणीदार ऐकत होता. स्वयंपाकघरातल्या खुंटीवर एक छत्री होती, भिंतीवर मुलांनी काढलेली चित्रं चिकटवलेली होती. घर नीटनेटकं होतं आणि त्यात कोणीतरी रोज हसत असावं असं वाटत होतं.

“आली बघा,” पंपवाला म्हणाला.

ती दारात आली. बोटांना खडू, खांद्याला कापडी पिशवी, केस बरेचसे पांढरे. उंची तेवढीच. शाळेत तिला सगळे ठेंगी म्हणायचे आणि ह्याला बांबू. दोघं शेजारी उभे राहिले की मास्तरसुद्धा हसायचे.

तिने त्याच्याकडे पाहिलं. पिशवी खुंटीला अडकवायला तिला नेहमीपेक्षा एखादा क्षण जास्त लागला असेल, नसेलही.

“बसा ना,” ती म्हणाली. “उठलात कशाला? चहा झाला?”

“झाला.”

“हे मोजणीखात्याचे,” पंपवाला म्हणाला. “त्यांना आपल्या ओढ्याची सगळी नावं हवीत. तुला काय, नमनालाच घडाभर तेल लागेल. जेवून निघा तिघं… म्हणजे आपण तिघं.”

“आधी काम करू,” ती म्हणाली. “ऊन चढेल.”

तिघं ओढ्याच्या काठाने वर निघाली. पुढे ती, मागे मोजणीदार पत्रक घेऊन, शेवटी खांद्यावर पाना टाकून पंपवाला. त्याला वर एका मळ्यातला पंप बघायचा होता, म्हणून तोही सोबत.

ती दाखवत गेली तसा तो लिहीत गेला. एक आडवा खडक होता, त्यावर येणारा-जाणारा हमखास ठेचकाळायचा, त्याचं नाव सासूचा उंबरठा. पुढे एका ठिकाणी उन्हाळ्यात पाणी वाळूखाली गडप व्हायचं आणि पन्नास पावलांवर पुन्हा वर यायचं. ते चोरपाणी.

“चोरपाणी,” पंपवाला मागून म्हणाला, “म्हणजे जिथे पाणी मुरतंय ते. गावात कोणाचं काही संशयास्पद वाटलं की आम्ही म्हणतो, ह्याचं घर चोरपाण्याजवळ आहे.”

मोजणीदार हसला. तीही हसली. मग एक डोह आला. कडेच्या कपारीत हवा अडकून दर थोड्या वेळाने पाण्यातून आवाज यायचा. “हा उसासा,” ती म्हणाली. “बायका धुणं धुताना म्हणतात, आपल्यापेक्षा ह्यालाच जास्त दुखतंय.”

“किती वर्षांपासून?” मोजणीदाराने विचारलं.

“माझ्या आजीच्या आधीपासून. तुम्ही लिहा, फार जुनं.”

ती त्याला तुम्ही म्हणत होती. सरळ, सहज, परक्या अधिकाऱ्याला म्हणतात तसं. त्यालाही तेच सोयीचं होतं आणि तेच टोचतही होतं.

मग ती जागा आली.

तिथे ओढा उथळ होऊन दोन काठ जवळ येत होते आणि पाण्यात सात दगड ओळीने टाकलेले होते. पूल व्हायच्या आधीचा, ओढा ओलांडायचा हा उतार. तिसऱ्या आणि चौथ्या दगडात अंतर जास्त होतं. शाळेच्या वाटेवर तिथे उंच पोरं बुटक्यांना हात द्यायची. पलीकडे दाट लव्हाळी. अलीकडे, उजव्या काठावर, बसता येईल असा एक सपाट दगड.

ती न थांबता पुढे चालू लागली. पंपवाल्यानेच हाक मारली, “अगं, हा राहिला की! वाटपाह्या!”

“त्याचं काय लिहायचं,” ती म्हणाली.

“का नाही? सगळं गाव म्हणतं. लिहा साहेब, वाटपाह्या. ह्या दगडाचं नाव. किती वर्षं ते मी सांगतो, चौतीस. आमच्या हिच्यामुळे पडलं.” पंपवाला दगडावर पाना ठेवून रंगात आला. “एका पावसाळ्यात ही रोज संध्याकाळी इथे येऊन बसायची. कोणाची वाट बघायची कोण जाणे. पोरं चिडवायची, मोठे ओरडायचे, ही ढिम्म. तेव्हा मी नवा नवा पंपवाला, दुसऱ्या गावचा. पलीकडच्या मळ्याचा पंप बसवायला आलो तर पंप टेकवायला एवढाच एक सपाट दगड आणि त्यावर ही! मी म्हटलं, बाई, जरा उठता का, माझा पंप टेकवायचाय. ही म्हणाली, नाही. दुसऱ्या दिवशी आलो, पुन्हा नाही. पाचव्या दिवशी उठली.” तो मनापासून हसला. “पंप अजून तिथेच टेकवायचा राहिलाय.”

“अहो, तो मळ्यातला माणूस ताटकळला असेल,” ती म्हणाली. “पंप बघून या आधी. रोपं वाळतील त्याची.”

“जातो, जातो. फुटवॉलमध्ये गाळ अडकला असणार, दुसरं काय. अर्ध्या तासात येतो. मग सही करतो.”

पाना खांद्यावर टाकून तो वळणाआड दिसेनासा झाला. पाण्याचा आवाज तेवढा राहिला.

मोजणीदाराने पेन उघडलं, पुन्हा बंद केलं. ती दगडाजवळ उभी होती. बसली नाही.

“तुमची मुलगी म्हणे शिकवते,” ती म्हणाली.

“हो. कोणी सांगितलं?”

“तुमचा भाऊ घर विकताना इथल्या कचेरीत आला होता तेव्हा बोलला. बायको गेल्याचंही नंतर कळलं. वाईट वाटलं.”

“त्या दिवशी मी आलो होतो,” मोजणीदार म्हणाला.

तिने त्याच्याकडे पाहिलं.

चौतीस वर्षांपूर्वी त्यांचं ठरलं होतं. त्याला नोकरीचं पत्र आलं होतं. दोन दिवसांनी दूरच्या गावी हजर व्हायचं होतं. दोन्ही घरांना हे लग्न नको होतं. त्याच्या थोरल्या भावाने तर पाय तोडीन म्हणून सांगितलं होतं. ठरलं ते असं की सकाळी दहाला तिने इथे दगडाशी यायचं, त्याने पलीकडून येऊन तिला तिसऱ्या दगडावरून हात द्यायचा, दोघांनी मिळून डाव्या काठच्या थांब्यावरून एकची बस धरायची आणि शहरात कचेरीत जाऊन लग्न करायचं. त्या सकाळी वर उगमाकडे ढग फुटला. दहाला ओढा सातही दगडांवरून वाहत होता.

“आलो होतो,” तो पुन्हा म्हणाला. “साडेनऊलाच. पलीकडे, लव्हाळीत उभा होतो. पाणी बघत होतो. साडेबारापर्यंत थांबलो. मग बस…”

तिने लव्हाळीपासून दगडापर्यंतचं अंतर नजरेने मोजलं. मग म्हणाली, “मी दिसले नाही?”

“पाऊस होता.”

“पाऊस साडेअकराला थांबला.”

पाण्यात एक पान आलं, चौथ्या दगडाला अडलं, फिरलं आणि सुटून पुढे गेलं.

“दिसलीस,” तो म्हणाला. “मांडीवर पिशवी घेऊन बसली होतीस. छत्री मिटवून बाजूला ठेवली होतीस.”

“हाक नाही मारलीस.”

“नाही.”

कधी तुम्हीचं तू झालं हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

“पाणी चार वाजता उतरलं,” ती म्हणाली.

“ठाऊक आहे.”

“आता ठाऊक आहे. तेव्हा होतं?”

इथे त्याला नाही म्हणता आलं असतं. ती एवढीशी पळवाट तिने त्याच्यासाठी उघडी ठेवली होती, आणि तिच्या डोळ्यांत त्याला असंही दिसलं की त्याने नाही म्हटलं तर ती मान्य करेल, पुढे काही विचारणार नाही. पण हा ओढा साडेनऊ किलोमीटरचा. चढायला तास, उतरायला सहा. नदीसारखा दोन-दोन दिवस फुगून बसत नाही. काठावरचं शेंबडं पोरसुद्धा हे जाणतं. शाळा सुटल्यावर पूर आला की सगळी मुलं दप्तरं डोक्यावर घेऊन पाणी उतरायची वाट बघत इथेच बसायची, तीही आणि तोही.

“तेव्हाही होतं,” तो म्हणाला. “चारला उतरणार हे मला माहीत होतं. दुसरी बस उद्या आहे हेही माहीत होतं.”

“मग?”

“भ्यालो. भावाला, तुझ्या बापाला, नोकरी जाईल ह्याला. पाणी आलेलं पाहिलं आणि… कसं सांगू? शाळेला अचानक सुट्टी मिळावी तसं वाटलं. वाटलं, हे माझ्या हातात राहिलं नाही. तुला पत्र लिहीन म्हटलं. मग पत्रही लिहिवेना, कारण पत्रात काय लिहायचं, पाणी आलं म्हणून? तुला?” तो थांबला. “जिथे जातो तिथे लोकांना विचारतो, पूर किती वेळाने उतरतो. कोणीतरी म्हणेल, आमच्याकडे आठ दिवस लागतात.”

ती हळूच दगडावर बसली. पाय जमिनीला टेकत नव्हते.

“मी चारला पलीकडे आले होते,” ती म्हणाली. “पाणी गुडघ्याला होतं. तिसऱ्या दगडाशी पडलेसुद्धा. लव्हाळीत चिखलात पावलं होती. मोठी. एकाच जागी फार वेळ उभं राहिलेल्या माणसाची, टाचा खोल रुतलेल्या. मी म्हटलं, कोणा गुराख्याची असतील.”

त्याने डोळे मिटले.

“मग मी दोन गोष्टी धरून चालत आले. कधी म्हणायचं, आलाच नाही, मनातच नव्हतं त्याच्या. कधी म्हणायचं, आला असेल, पाण्याने अडवलं. रागवायचं असलं की पहिली. बरं वाटत नसलं की दुसरी.” तिने हाताला लागलेला खडू दगडावर पुसला. “आता दोन्ही गेल्या.”

“सांगायला नको होतं का?”

“असं नाही. बरं केलंस.” ती जरा वेळ पलीकडच्या लव्हाळीकडे बघत राहिली. “पण एवढ्या वर्षांची सवय आहे ना. दुसरी वाली कधी कधी उपयोगी पडायची.”

“ठेंगे…” तो म्हणाला.

“नको,” ती शांतपणे म्हणाली. “मी दुःखात नाही राहिले हो. तसं वाटून घेऊ नका. हा माणूस चांगला आहे. पाच दिवस रोज येऊन विचारत राहिला, आज तरी उठता का. तुम्ही एक हाक मारली नाहीत.”

पुन्हा तुम्ही आलं होतं. आता ते कुठेच जाणार नव्हतं.

पंपवाला परत आला तेव्हा ती उभी होती आणि मोजणीदार दगडाची उंची मोजत होता. “गाळच होता!” पंपवाल्याने दुरूनच जाहीर केलं. “काढला. असा सुटलाय पंप, मळेवाला नाचायचा बाकी राहिलाय.” त्याने पाण्यात हात धुतले, अंगरख्याला पुसले आणि सही करायला पत्रक मागितलं. सासूचा उंबरठा, चोरपाणी, उसासा, वाटपाह्या. चारही नावांपुढे त्याने ऐसपैस सही केली. ग्रीसचा एक ठसा उठला तो उठलाच.

पत्रक तिच्याकडे गेलं. पहिल्या तीन नावांपुढे तिने सही केली. चौथ्यापुढे पेन थांबलं. मग तिथेही केली, बालवाडीच्या हजेरीवर करतात तशी, लहान आणि सुवाच्य.

जेवायला थांबा असं दोघांनीही म्हटलं. मोजणीदार म्हणाला, अजून उगम गाठायचाय. ती “सांभाळून जा, वर निसरडं आहे” म्हणाली आणि गावाकडे वळली. पंपवाला मात्र त्याला पुढच्या बांधापर्यंत सोडायला आला. बराच वेळ तो काही बोलला नाही, आणि तेवढ्या वेळात मोजणीदाराला कळलं की हा माणूस गप्पही राहू शकतो.

“साहेब, एक विचारू?” बांधाशी आल्यावर पंपवाला म्हणाला. “तुमचा जन्म डाव्या काठचा ना?”

“हो.”

“बांबू म्हणायचे तुम्हाला.”

मोजणीदाराने मान हलवली. खोटं बोलण्याची आज त्याच्यात ताकद उरली नव्हती.

“तिने कधी सांगितलं नाही. गावाने सांगितलं, लग्नाआधीच.” पंपवाला पान्याचं तोंड उगाच उघडमीट करत होता. “तुम्हाला दारात पाहिलं, तुमची उंची पाहिली, तेव्हाच ओळखलं. म्हटलं, अर्धा तास द्यावा. पंप तर दहा मिनिटांत झाला होता. वळणापलीकडे बसून विडी ओढली.”

“तुम्ही…”

“ते नाव मात्र जाऊ द्या नकाशावर. कोणी म्हणेल, कशाला, लाजेची गोष्ट. मला नाही वाटत. तुमची ती जागा असेल, पण मलासुद्धा ती तिथेच भेटली.” त्याने हात पुढे केला. ह्या वेळी मागे घेतला नाही. मोजणीदाराने तो हात दोन्ही हातांत धरला.

उगम त्याला दुपारी सापडला. एका उतारावर ताटाएवढी ओली जागा होती. गवत तिथे जास्त हिरवं होतं आणि मातीतून पाणी पाझरत होतं. आवाजसुद्धा नव्हता. त्याने खुणेची काठी रोवली, उंची घेतली. मग ओंजळ त्या ओलीत दाबून ठेवली. ती भरायला फार वेळ लागला.

महिन्याभराने साहेबांनी त्याचं काम तपासलं. “मोजणी फार सुंदर आहे,” ते म्हणाले. “पण ही नावं कशी घेणार? ह्या प्रमाणात ओढा बोटभर लांब येतो. आणि ओढ्याचंच नाव नक्की नाही तुमचं, खाली वरचा, वर खालचा! एकही नको. नुसती रेष राहू द्या. पत्रक फाइलला लावा, नोंद राहील.”

“दगडाचं एक नाव बसलं असतं,” मोजणीदार म्हणाला. “अगदी बारीक अक्षरांत.”

“कोणता दगड?”

“उताराचा.”

“आता पूल आहे ना तिथे?”

“आहे.”

“मग झालं तर,” साहेब म्हणाले. ते चांगले गृहस्थ होते आणि नियमाने बरोबरच बोलत होते.

आपल्या मोजणीला शाई आपणच भरायची ही खात्याची जुनी रीत होती. त्या दिवशी दुपारी सगळे चहाला गेल्यावर तो टेबलाशी बसला. निळी शाई ढवळली, टाक पुसून घेतला. मोठ्या नदीचे दोन काठ दोन रेघांनी काढतात. एवढ्याशा ओढ्याला एकच रेघ असते. उजवा काठ आणि डावा काठ तिच्यातच येतात.

त्याने उगमाशी टाक टेकवला आणि हात न उचलता खाली आणत गेला. उसासा अजून खाली होता, चोरपाणी त्याच्याही खाली. त्यांच्या जरा वर, एका जागी त्याचा हात थांबला. किती वेळ थांबला ते त्याचं त्यालाही कळलं नाही, पण शाईला कळलं. रेघ तिथे ठिपक्याएवढी जाड झाली. अशी चूक खरवडून काढायला टेबलावर पातं असे. त्याने ते हातात घेतलं, कागदापर्यंत नेलं आणि पुन्हा खणात ठेवलं. मग उरलेली रेघ नदीपर्यंत नेऊन पोचवली आणि शाई वाळेपर्यंत कागदाची कड धरून बसून राहिला.